पोटमाळ्यावरचे ब्रदर वर्लन

"एसी म्हणजे असतं काय? एक पंखा, एक नळी आणि चार वायरी!" वर्लन टिडवेलने खुर्चीतून उठायचीही तसदी न घेता जाहीर केलं. "त्याला मेकॅनिक कशाला लागतो?"

नेटाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हातातला टॉवेल हळूच खाली ठेवला. असलं वाक्य तिने याआधी दोनदा ऐकलं होतं. एकदा डिशवॉशरच्या वेळी आणि एकदा गीझरच्या वेळी. डिशवॉशरच्या वेळी स्वयंपाकघरात गुडघाभर फेस झाला होता. गीझरच्या वेळी आगीचा बंब आला होता आणि त्या बंबावरची माणसं अजूनही बाजारात भेटली की वर्लनला पाहून टोपी काढत.

"वर्लन, तू बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आहेस. घरातल्या कुठल्याही यंत्राला पुन्हा हात लावणार नाहीस."

"मी कुठे म्हटलं लावणार म्हणून? मी नुसतं ज्ञान सांगतोय!"

ज्ञान सांगायला वेळ मात्र चुकीची होती. पूर्व टेक्ससमधला ऑगस्ट. सिडर फोर्क गावातले निम्मे एसी त्याच आठवड्यात धारातीर्थी पडले होते आणि गावचा एकुलता एक मेकॅनिक मंगळवारशिवाय येणार नव्हता. टिडवेलांच्या बैठकीतल्या मेणबत्त्या उकाड्याने कंबरेत वाकून नमस्कार करत होत्या. आणि रविवार तोंडावर आला होता!

तो साधासुधा रविवार नव्हता. त्या दिवशी वर्लन चर्चचा डीकन होणार होता. डीकन म्हणजे चर्चचा पंच समजा. सगळ्या मंडळींसमोर गुडघे टेकून बसायचं आणि जुन्या डीकनांनी एकेक करून डोक्यावर हात ठेवायचा. हे दृश्य वर्लन गेली कित्येक वर्षं दाढी करताना आरशात बघत आला होता. त्यानंतर पास्टर आणि सगळे डीकन सहकुटुंब त्याच्याच घरी जेवायला येणार होते. नेटा म्हणत होती की जेवण चर्चच्या हॉलमध्ये ठेवू, तिथला एसी चालू आहे. वर्लनने ते साफ उडवून लावलं. डीकनच्या घरी एसी चालत नाही म्हणजे काय!

आता ही डीकनची जागा त्याला मिळाली कशी, तेही सांगायला हवं. जागा एक होती आणि नावं दोन. एक वर्लनचं, दुसरं त्याच्या शेजाऱ्याचं, रॉइस गॅडिसचं. रॉइस विधुर माणूस. चर्चची बस तोच चालवायचा, गळकं छप्पर तोच शाकारायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात तोच न्यायचा. जागा रॉइसलाच जाणार असं सगळे धरून चालले होते. मग एका बुधवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेला, वर्लन उभा राहिला आणि अगदी दाटल्या गळ्याने म्हणाला, "ब्रदर रॉइससाठी आपण सगळ्यांनी प्रार्थना करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या गॅरेजमधल्या फ्रिजबद्दल. जास्त काही बोलत नाही."

जास्त काही बोलायची गरजच नव्हती. गॅरेजमधल्या फ्रिजात लोक काय ठेवतात हे त्या चर्चच्या बाप्टिस्ट मंडळींना पक्कं ठाऊक असतं आणि बाप्टिस्ट मंडळी बिअरला शिवत नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक असतं. नाताळची रोषणाई काढायला वर्लन पोटमाळ्यावर चढला होता, तेव्हा तिथल्या हवेच्या जाळीतून त्याला रॉइसचं गॅरेज आणि आतला उघडा फ्रिज लख्ख दिसला होता. आता ही चहाडी नव्हती बरं का! चहाडी हे पाप आहे. ही प्रार्थनेची विनंती होती. वर्लनने स्वतःची अशी समजूत घातली आणि त्या रात्री त्याला झोपही छान लागली.

तर शनिवारी सकाळी नेटा तिच्या बहिणीकडून घडीची टेबलं आणायला निघाली. बहीण राहते जंगलापलीकडे. टेबलं जड, म्हणून वर्लननेही बरोबर जायचं ठरलं होतं. पण घर काही तास रिकामं मिळणार, आणि पोटमाळ्यावर अख्खं घर गार करणारं ते एसीचं यंत्र असं निपचित पडलेलं! वर्लनला मोह आवरेना. त्याने कपाळाला हात लावला.

"नेटा, मला जरा गरगरल्यासारखं होतंय गं. छातीतही कसंसंच होतंय. तू जाऊन ये. मी पंख्याखाली पडतो."

"छातीत?" नेटाचा चेहरा उतरला. "मी नाही जात मग."

"अगं, काल तू केलेली मिरची बाधली असेल! टेबलांशिवाय पास्टरला काय मांडीवर जेवायला घालणार आहेस? जा तू."

"बरं. पण काही वाटलं तर रॉइसला हाक मार. तो शेजारीच आहे."

"रॉइसला? नको नको! म्हणजे... त्याला कशाला त्रास!"

नेटा गेली, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. म्हणून जंगल लागायच्या आत, फोनला रेंज होती तोवर, तिने ब्यूला क्रेनला फोन लावला. ब्यूलाबाई म्हणजे चर्चच्या प्रार्थना-साखळीची पहिली कडी. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि तासाभरात सगळं चर्च एका माणसासाठी हात जोडून बसायचं, अशी ती साखळी. "वर्लनला जरा बरं नाही, छातीत कसंसं होतंय. घरी पडलाय. त्याच्यासाठी प्रार्थना करा," एवढंच नेटा बोलली. पण प्रत्येक बाईचं मन मोठं, आणि पुढच्या बाईला नुसतंच कसंसं कसं सांगायचं? म्हणून प्रत्येकीने प्रेमापोटी आपल्या पदरचं थोडं घातलं.

इकडे वर्लनने पोटमाळ्याची शिडी खाली ओढली. ही शिडी छताच्या झाकणालाच जोडलेली असते. दोरी ओढली की उलगडून बोळात उतरते आणि खालून ढकलली की घडी होऊन झाकणासकट वर जाऊन बसते. त्याने वर डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. वर भट्टी होती भट्टी! मग त्याने शर्ट आणि पॅंट काढून बोळातल्या खुर्चीवर ठेवली, फोन पॅंटच्या खिशातच राहिला, आणि बनियन, अंडरपॅंट, जुने बूट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे एवढ्या वेशात तो वर चढला. मोज्यांवर नाताळची लाल नाकाची हरणं होती. बाकीचे मोजे धुवायला पडले होते.

पोटमाळ्यावर चालायचं म्हणजे लाकडी वाशांवरूनच पाय टाकत जायचं. वाशांच्या मधे गुलाबी कापसासारखी खाजरी लोकर पसरलेली असते आणि तिच्याखाली छत म्हणजे नुसतं जिप्समचं फळकूट. वर्लनला हे माहीत होतं. तो तोल सांभाळत, मोठ्याने भजन म्हणत, यंत्रापाशी पोचला.

आणि काय सांगू, दोष त्याला खरोखरच सापडला! यंत्रातून ठिबकणारं पाणी नळीने बाहेर जातं. ती नळी शेवाळाने तुंबली होती. म्हणून यंत्राखालचं तसराळं काठोकाठ भरलं होतं. तसराळं भरलं की एक छोटी कळ पाण्यावर तरंगून वर येते आणि यंत्र बंद पाडते. वर्लनने कळीकडे पाहिलं. मग त्याने कळीच्या दोन्ही वायरी तोडल्या, एकमेकींना गुंडाळल्या आणि वरून चिकटपट्टीचे भरपूर वेढे घातले.

घुर्रर्र! यंत्र जागं झालं.

"एक पंखा, एक नळी, चार वायरी!" वर्लन ओरडला. आनंदाच्या भरात त्याने छपराला डोकं आपटून घेतलं, पण त्याचंही त्याला काही वाटलं नाही. आता फक्त नळी मोकळी करायची. तिच्या तोंडाला तोंड लावून त्याने जोरात फुंकर मारली. नळीने उलट त्याच्याच तोंडात हिरवा गाळ सोडला. त्यावर वर्लन जे बोलला ते होऊ घातलेल्या डीकनच्या तोंडी शोभणारं नव्हतं. तो थुंकत होता, पुन्हा फुंकत होता, पुन्हा बोलत होता.

खट्ट!

त्याने मागे वळून पाहिलं. शिडी वर आली होती. झाकण बंद. चौकोनी उजेड गेला.

स्प्रिंग सैल झाली असेल, असं म्हणून तो रांगत झाकणापर्यंत गेला. वरून रेटलं की शिडी पुन्हा उतरते, त्यात काही अवघड नव्हतं. त्याने हात लावला आणि तेवढ्यात खाली दार वाजलं. सिडर फोर्कमध्ये दाराला कुलूप नसतं आणि दार वाजवणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही.

"ब्रदर वर्लन! मी ब्यूला! सूप आणलंय हो! उठू नका!"

वर्लन जागच्या जागी थिजला. अंगावर बनियन, पायात हरणं, तोंडाला शेवाळ. आणि मुख्य म्हणजे तो आजारी होता! बाई सूप ठेवून जाईल, मग उतरू, असं त्याने ठरवलं.

बाई गेली नाही. बाई झोपायच्या खोलीत गेली आणि किंचाळली, "ओपल! अगं, पलंग रिकामा आहे!"

"बाथरूममध्ये बघितलंस?" हा ओपलबाईचा आवाज. म्हणजे त्या दोघी होत्या.

"कुठेच नाही! गाडी दारात उभी आणि माणूस नाही! नेलं असेल गं त्यांना अँब्युलन्सने!"

"थांब, मी हॉस्पिटलला विचारते." मग फोनवर बरीच कुजबूज झाली. "ते म्हणतात, पेशंटबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही."

"काहीच सांगत नाहीत?"

"काहीच नाही."

"म्हणजे गंभीरच आहे!" ब्यूलाबाईंनी हुंदका दिला. "मला घरी जाऊन यायला हवं."

ती घरी कशाला जाते आहे, हे वर्लनला तेव्हा उमगलं नाही. ते पुढे उमगणार होतं. तोवर खाली माणसं येतच राहिली. घर गार होतं आणि उन्हातून आलेल्या माणसाचा पाय त्या गारव्यातून निघेना. एकेक करून पसरट काचेची भांडी ओट्यावर ठेवल्याचे आवाज येत होते आणि फटींतून वास वर चढत होते. त्या गावात कुणाच्या घरी काय न्यायचं याचे नियम ठरलेले आहेत. माणूस आजारी असला तर सूप. ऑपरेशन असलं तर चीज घालून भाजलेला कोंबडीभात. वर्लन वाशावर उकिडवा बसून वास घेत होता. पहिल्या अर्ध्या तासात सूप होतं. मग कोंबडीभात आला, आणखी एक आला, मग तिसरा.

"म्हणजे मला कापायला घेतलं वाटतं," वर्लन मनाशी म्हणाला.

इतक्यात तसराळं पुन्हा काठोकाठ भरल्याचं त्याच्या ध्यानात आलं. यंत्र चालू, नळी तुंबलेली, आणि पाणी भरलं की यंत्र थांबवणारी कळ? तिची वाट त्यानेच लावलेली! वायरी सोडवल्या तर यंत्र बंद पडणार. यंत्र बंद पडलं तर उकडणार. उकडलं की कुणीतरी नक्की म्हणणार, जरा वर जाऊन बघू या. नकोच ते! त्याने बनियन काढलं, तसराळ्यात बुडवलं, आणि पाणी बाजूच्या गुलाबी लोकरीवर पिळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. घामाने तो स्वतःच पिळून निघत होता. ते सगळं पाणी लोकरीतून झिरपून खालच्या फळकुटात मुरत होतं. पण तिकडे लक्ष द्यायला त्याला सवड नव्हती.

कारण तेवढ्यात एक नवा वास वर आला. गुळाचा, लवंगेचा, मधात भाजलेल्या डुकराच्या मांसाचा.

हॅम.

ब्यूला क्रेन हॅम उगाच करत नाही. जन्मात तिने आजाऱ्याच्या घरी हॅम नेला नव्हता. हॅम म्हणजे मयत! असला अख्खा हॅम ती फ्रीजरमध्ये तयारच ठेवते आणि गावात कुणी गेलं की बाहेर काढते. गावातल्या जुन्या खोडांना तर आपला हॅम फ्रीजरमध्ये कुठल्या बाजूला ठेवलाय तेही ठाऊक असतं. वर्लन मेला होता! सकाळी गरगरलं होतं, दुपारच्या आत कापला गेला होता, आणि आता संपला होता.

"तुला कुणी सांगितलं, ब्यूला?" ओपलबाईने विचारलं.

"मला वाटलं तूच मघाशी फोनवर म्हणालीस."

"मी फक्त म्हटलं की आता काही आशा दिसत नाही."

"मग तेच की!"

आता उतरणं शक्यच नव्हतं. नुसता आजारी माणूस अंडरपॅंटवर उतरला तर निभावून जाईल, पण मेलेला माणूस? वर्लनला वाटलं, आपण खरंच मेलो असतो तर फार सोयीचं झालं असतं.

मग पास्टर हॅलम आले. त्यांच्या चालीने फरशी हलते, त्यामुळे पोटमाळ्यावरही कळलं. "मित्रहो, नक्की काही कळेपर्यंत धीर धरू या," ते म्हणाले. "बैठकीत गोल करा. हातात हात घ्या. ब्रदर वर्लनविषयी ज्याच्या मनात जे असेल, ते त्याने देवासमोर बोलावं."

बैठक बरोबर यंत्राच्या खाली होती. एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणालं, वर्लनने आपली गाडी ढकलली होती. ओपलबाई म्हणाल्या, त्याने आपल्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. वर्लनला आठवलं, तो खांदा देताना मनात मॅचचा स्कोअर मोजत होता. त्याचे कान तापले. मग एक खणखणीत आवाज आला. रॉइसचा.

"हे प्रभू," रॉइस म्हणाला. त्याचा आवाज का कोण जाणे, थेट वर येत होता. "ब्रदर वर्लनसारखा सरळ माणूस मी पाहिला नाही. जे असेल ते तोंडावर. कुणाच्या पाठीमागे वावगा शब्द नाही. कुणाच्या घरात डोकावणं नाही. खोटं बोलणं तर त्याला जमतच नव्हतं. माझ्यासाठी त्याने एकदा सगळ्यांदेखत प्रार्थना मागितली होती, प्रभू. ते मी कसं विसरेन?"

"आमेन," सगळे म्हणाले. कुणीतरी नाक शिंकरलं.

वर्लनने ओलं बनियन तोंडात कोंबलं. ज्या माणसाची जागा आपण गोड बोलून लाटली, तोच आपल्यासाठी डोळे पुसतोय! त्याला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. गीझरच्या वेळीसुद्धा नाही. ती लाज उकाड्यापेक्षा वाईट होती. उकाड्यात निदान घाम तरी येतो.

आणि तेवढ्यात बाहेर नेटाची गाडी थांबली.

दारापुढच्या गाड्या बघूनच ती धावत आली असावी. तिची पावलं बैठकीत आली, मग स्वयंपाकघरात गेली, आणि तिथेच थबकली.

"ब्यूला," नेटा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ब्यूला, तू हॅम का आणलास?"

खाली कुणाच्या तरी हातातला चमचा फरशीवर पडला.

"ब्यूला, हॅम का?" आणि मग ती रडायला लागली. "मी त्याला एकटं टाकून गेले! टेबलांसाठी! तो म्हणत होता छातीत कसंसं होतंय, आणि मी टेबलं आणायला गेले!"

वर्लनने नेटाला असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. लाज गेली, डीकनपद गेलं, अंडरपॅंट गेली खड्ड्यात. त्याला एवढंच कळलं की खाली उतरायला हवं, आत्ताच्या आत्ता. तो उठला, झाकणाकडे वळला आणि घाईत वाशाऐवजी त्याने पाय टाकला तो गुलाबी लोकरीवर. तासभर ज्या जागी तो पाणी पिळत होता, नेमक्या त्याच जागी.

छत नुसतं तडकलं नाही. ते पुठ्ठ्यासारखं फाटलं. गुलाबी लोकर, पांढरा चुरा आणि बादलीभर पाणी प्रार्थनेच्या गोलाच्या मधोमध कोसळलं आणि पाठोपाठ एक अख्खा पाय मांडीपर्यंत खाली उतरून लोंबू लागला. बाकीचा वर्लन वर वाशावर अडकला होता.

कुणी किंचाळलं नाही. सगळ्यांनी धरलेले हात तसेच ठेवले. पाय हळूहळू गोल फिरत होता.

पास्टरनी घसा साफ केला. "ब्रदर वर्लन? वर आपण आहात का?"

आता खरं बोलायची ही शेवटची आणि सगळ्यात सोपी संधी होती.

"नाही!" छतातून आवाज आला.

पुढे झाली ती नेटा. तिने वर पाहिलं. "हरणांचे मोजे!" ती म्हणाली आणि तो ओला, खाजरा, चुऱ्याने माखलेला पाय तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला. "जिवंत आहे! माझा वर्लन जिवंत आहे!" मग तिची नजर छतातल्या भोकातून वर गेली. यंत्र दिसलं. वायरी दिसल्या. चिकटपट्टी दिसली. तिने पाय सोडला नाही, पण पोटरीला असा चिमटा काढला की वरून आलेली किंकाळी रस्त्यापलीकडे ऐकू गेली.

"चार वायरी काय?" नेटा म्हणाली.

त्याला शिडीवरून उतरवलं. खुर्चीवरचे कपडे मात्र सापडेनात. सगळ्यांनी शोधले, पण पॅंट नाही, शर्ट नाही. शेवटी उद्याच्या जेवणासाठी काढलेला पांढरा टेबलक्लॉथ गुंडाळून वर्लन पास्टरसमोर उभा राहिला. सगळे बघत होते. ब्यूलाबाई हॅमवर फडकं घालत होत्या. रॉइस कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. बिचारा रडतोय अजून, असं वर्लनला वाटलं.

"मी आजारी नव्हतो," वर्लन म्हणाला. "मी खोटं बोललो. पास्टर, उद्याचं ते डोक्यावर हात ठेवणं... मी काही त्या लायकीचा नाही."

मनातून त्याला अंधुक आशा होती की पास्टर म्हणतील, असं कसं, चुका सगळ्यांकडूनच होतात. पण पास्टरनी इतक्या पटकन मान डोलावली की वर्लनला वाईटच वाटलं.

सगळे गेल्यावर नेटाने भांडी धुतली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. त्या गावात अशा प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं आणि ज्याच्या घरी दुःख झालं त्याने भांडं धुऊन, दारात जाऊन, आभार मानून परत करायचं असतं. एरवी हे काम बायका करतात.

"ही तू नेऊन देशील," नेटा म्हणाली. "आणि प्रत्येक दारात सांगशील की का आणि कसं. अख्खं. गाळायचं काही नाही. मी नंतर विचारणार आहे."

तो आठवडा वर्लनने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. दार उघडायचं, भांडं पुढे करायचं, आणि सुरुवात करायची, "मला गरगरत नव्हतं." काही बायका हसायच्या. ते परवडलं. काही हसायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. ओपलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण माझ्या नवऱ्याला खांदा मनापासून दिला होता ना?" तिथे मात्र वर्लन खोटं बोलला, आणि ते त्याने नेटालाही सांगितलं. नेटा म्हणाली, तेवढं चालेल.

शेवटी एक लोखंडी पातेलं उरलं. त्यात राजमा आला होता. तळाला चिकटपट्टी नव्हती. पुरुषमाणसाचं भांडं. रॉइसचं.

वर्लन कुंपणाला वळसा घालून गेला. रॉइस गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन उघडून बसला होता. वर्लनने पातेलं पुढे केलं. ही कबुली बाकीच्यांसारखी नव्हती.

"रॉइस, त्या बुधवारी प्रार्थनेत मी जे तुझ्या फ्रिजबद्दल..."

"थांब," रॉइस म्हणाला. हात पुसत तो आत गेला आणि काहीतरी घेऊन आला. धुतलेली, इस्त्री केलेली, व्यवस्थित घडी घातलेली पॅंट. वर शर्ट. वर फोन.

वर्लन कपड्यांकडे बघत राहिला. मग त्याने वर, आपल्या घराच्या भिंतीतल्या पोटमाळ्याच्या जाळीकडे पाहिलं. ती सरळ या गॅरेजवर उघडत होती.

"ऐकू येतं होय इथे?"

"भजन आलं. मग शिव्या आल्या. शिव्या जास्त स्पष्ट होत्या." रॉइसने पातेलं टेबलावर ठेवलं. "ब्यूलाचा फोन आला, तुझी तब्येत नाजूक आहे म्हणून. बघायला आलो. तर खुर्चीवर कपडे आणि वर माणूस फुंकतोय."

"म्हणजे शिडी तू लावलीस?"

"लावली. वाटलं होतं दोन मिनिटांत लाथ मारून उतरशील. तू तर मरायला तयार झालास लेका, पण उतरला नाहीस!"

"आणि ते सगळं प्रार्थनेत बोललास? सरळ माणूस, तोंडावर बोलणारा...?"

"मी तुझ्यासाठी प्रार्थना केली," रॉइस म्हणाला. "तू माझ्यासाठी केली होतीस ना, तशीच. चारचौघांत."

वर्लनच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल रंग चढला. आठवडाभर दारोदार बोलून बोलून बोलणंच संपलं होतं. "चुकलो रे मी," एवढंच तो म्हणाला.

रॉइसने जाऊन तो सुप्रसिद्ध फ्रिज उघडला. आत खरंच बिअरच होती. रांगेत, गारेगार. त्याने दोन डबे काढले, एक वर्लनच्या हातात दिला. "घे. उद्या येऊन तुझं छत बसवतो. आणि त्या कळीच्या वायरी आधी जोडायच्या."

उन्हाने रस्ता वितळत होता. वर्लनने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा रॉइसकडे. आठवड्यात पहिल्यांदा त्याच्याकडे कुणीतरी सरळ बघत होतं. त्याने डबा फोडला आणि एक मोठा घोट घेतला.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून एक गाडी सावकाश आली. आणखी सावकाश झाली. काच खाली गेली. ब्यूलाबाईंनी दोघांना हात केला, वर्लनच्या हाताकडे नीट पाहिलं, आणि काच वर करून त्या निघून गेल्या.

वर्लन कपड्यांची घडी छातीशी धरून झपाझप घरी आला, तर नेटा दारातच उभी होती. हातात फोन.

"ब्यूलाचा होता," ती म्हणाली. "तुझ्यासाठी प्रार्थना सुरू केलीय म्हणाली. जास्त काही बोलली नाही."